घर पाहावे भाद्रपदात

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याला बांधणे झेपत नाही तो बांधलेले पाहायला निघतो, आणि नेमका दिवाळीच्या सुट्टीत निघतो. घर पाहायला वर्षभरात याहून वाईट मुहूर्त नाही. पाऊस जाऊन महिना झालेला असतो, भिंती वाळलेल्या असतात, दसऱ्याच्या आधी त्यांवरून रंगाचा हात फिरलेला असतो. दारात रांगोळी, वर आकाशकंदील आणि घरधनीण चकलीची बशी घेऊन पुढे उभी! अशा वेळी "तुमच्याकडे ओल कुठे येते हो?" असे विचारायला जीभ रेटत नाही. तोंडात चकली असताना तर मुळीच नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. नागपुरातला आमचा फ्लॅट आम्ही असाच दिवाळीत पाहिला. विकणारे गृहस्थ फार गोड बोलणारे होते. मी कॉलेजात मराठी शिकवतो हे कळताच त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या चारपाच ओव्या बिनचूक म्हणून दाखविल्या, आणि मी तिथेच विरघळलो. आमच्या सौ.चे लक्ष मात्र ओव्यांकडे नव्हते. निजायच्या खोलीत छताच्या जरा खाली एक भलेमोठे कॅलेंडर टांगलेले होते, त्याच्याकडे ती दोनदा पाहून आली. जिना उतरताना म्हणाली, "एवढ्या उंचावरची तारीख वाचते कोण?" मी म्हणालो, "तुला सगळीकडेच संशय." पुढल्या जुलैत त्या जागी ओलीचा डाग उमटला. त्याचा आकार हुबेहूब दक्षिण अमेरिकेच्या नकाशासारखा होता. आमच्या चिरंजीवांनी त्यावर शिसपेन्सिलीने ॲमेझॉन नदीही काढली. आता तिथे आमचे कॅलेंडर आहे.

तुम्ही म्हणाल, कर्ज देणाऱ्या बँकेने माणूस पाठविला असेल की! पाठविला होता. त्याने खोल्या मोजल्या, चार फोटो घेतले, चहा घेतला आणि पंधरा मिनिटांत तो गेला. आपण इथे एक चूक करतो. तो मनुष्य बँकेसाठी आलेला असतो, आपल्यासाठी नव्हे. बँकेला एवढेच पाहायचे असते की उद्या आपण हप्ते बुडविले तर या चार भिंतींचे किती येतील. भिंतीतून पाणी झिरपले तर बँकेची गादी भिजत नाही.

तर सांगायचे हे, की दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी फसलेल्यांच्या पंगतीतला होतो. आणि त्या पंगतीत बसून नाकाने कांदे सोलणे फार सोपे असते. मग विकणाऱ्याच्या पाटावर बसायची पाळी माझ्यावर आली.

आमचे मूळ घर नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला, तिरोडा तालुक्यातल्या एका लहानशा गावात. तिरोड्याला गाडीतून उतरायचे आणि चोरखमाऱ्याच्या रस्त्याला लागायचे. नागझिरा अभयारण्य झाले १९७० साली. पुढे २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा राज्यातला पाचवा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि आमच्या गावातली पोरे गुरे राखायची सोडून पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवू लागली. आमचा जिल्हाही मध्येच बदलला. मी जन्मलो भंडारा जिल्ह्यात, आणि १ मे १९९९ पासून घर न हलवता गोंदियाचा झालो.

घर मातीचे, वर कवेलू, खांब आणि तुळया सागाच्या. पुढे सपरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि सांदवाडी. सांदवाडीच्या मागून चढ सुरू होतो आणि त्या चढावर गावाचा तलाव आहे. आमच्याकडे अशा तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. परगावचा माणूस हे नाव ऐकून हसतो, पण आमच्या साऱ्या धानाच्या बांध्या या मामांच्याच जिवावर पिकल्या आहेत.

या घराचे एक गुपित होते. पोळा झाला की चारआठ दिवसांत माजघराच्या ईशान्येच्या कोपऱ्यात जमीन मऊ व्हायची, मग काळवंडायची, आणि एका सकाळी तिथून बोटभर पाणी वर यायचे. वरून गळलेले नव्हे, खालून उमळलेले, काचेसारखे स्वच्छ आणि थंडगार. नागझिरा या नावात जो झिरा आहे ना, तसाच एक लहानसा झिरा आमच्या माजघरात होता. आई त्याला 'पाहुणा' म्हणायची. पाहुणा आला की ती तिथे हळदकुंकू वाहायची, एक चर काढून पाणी मोरीत सोडून द्यायची, आणि धानाची कोठी कोरडी राहावी म्हणून तिच्या चारी पायांखाली वीतभर उंचीचे दगड सारायची. दसऱ्याला पाहुणा आपोआप निघून जायचा. आई शेणाने जागा सारवून टाकायची. दिवाळीला तिथे काही होते, हे ब्रह्मदेवालाही कळले नसते.

आई गेली आणि घर बंद पडले. बंद घराला दोन शत्रू, वाळवी आणि वानर. दादा गोंदियाला, मी नागपूरला. दादांच्या धाकट्या मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा होता. विकायचे ठरले.

गिऱ्हाईकही चांगले मिळाले. तिरोड्याकडचा एक तरुण मुलगा, नागझिऱ्यात गाइडचे काम करणारा. विधवा आईला घेऊन जंगलाजवळ राहायचे, दोन खोल्या पुढेमागे पाहुण्यांना द्यायच्या, असा त्याचा बेत. आईने शिवणकाम करून साठविलेले पैसे आणि वर कर्ज. दादांनी फोनवर मला बजावले, "विचारले तर सांग. न विचारता शहाणपणा करू नकोस."

ते आले भाऊबीजेनंतर, आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात, रात्री दंडार होते, नाटके होतात. त्या गर्दीतून मुलगा, त्याची आई आणि त्याचे एक म्हातारे मामाजी असे तिघे आले. मामाजी जन्मभर सुतारकाम केलेले मिस्त्री. धोतर, बंडी, कनवटीला एक लहानसा चाकू आणि हातात वाकस.

घर कसे पाहावे, हे मी त्या दिवशी शिकलो. आल्या आल्या त्यांनी घराकडे पाठ केली आणि आधी आजूबाजूला पाहिले. मग कागद मागितले. मी ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे केला. म्हातारा म्हणाला, "हा तर कर भरल्याचा कागद झाला जी. मालकीचा कुठं आहे?" बरोबर होते त्याचे. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद, तिने कोणी मालक होत नाही. सुदैवाने गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन आमची मिळकत पत्रिका आलेली होती. केंद्र सरकारची ही स्वामित्व योजना २०२० साली निघाली, तोवर गावठाणातल्या किती घरांना कागद नावाची वस्तूच नव्हती! सांदवाडीपुढचा तुकडा आमचाच का, वनहक्काच्या पट्ट्यातला तर नाही, हेही त्यांनी खोदून विचारले. जंगलाकाठी हा प्रश्न हवाच. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. शहरातून येऊन "वाघाच्या शेजारी फार्महाउस" घेणाऱ्यांनी सातबारावरचे 'भोगवटादार वर्ग दोन' हे तीन शब्द चष्मा पुसून वाचावेत, एवढेच सांगतो.

मग मिस्त्री आत शिरले. प्रत्येक खांबाला वाकसाच्या मागच्या अंगाने ते टकटक करीत आणि कान लावून ऐकत, डॉक्टर पाठ ठोकून पाहतो तसे. भरीव लाकूड टणक बोलते, पोखरलेले भद्द बोलते. एका तुळईच्या टोकाला चाकूची अणी लोण्यात जावी तशी गेली. "साग आहे, पण वरचा पांढरा भाग राहू दिला. वाळवी पांढऱ्यात शिरते, लालात नाही." भिंतीवरून वर गेलेली मातीची बारीक नळी त्यांनी नखाने फोडली. आत वाळवी चालू होती. "अस्वल आणलं असतं तर बरं झालं असतं," असे ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. आमच्या जंगलातल्या अस्वलाला वारुळातली वाळवी वासाने कळते आणि ते ती ओढून खाते. त्याच्याहून चांगला तपासनीस मिळणे कठीण.

कवेलूंत नवी कुठे घातली आहेत ते त्यांनी रंगावरून ओळखले. जिथे नवे कवेलू तिथे गळती असते, नाहीतर वानरांचा रस्ता असतो. भिंतीला ओळंबा लावला. तांब्याभर पाणी जमिनीवर ओतून ते कोणीकडे पळते ते पाहिले. दक्षिणेच्या भिंतीत एक तिरपी भेग होती. तिच्यावर त्यांनी कागदाची पट्टी खळीने चिकटविली आणि मुलाला तिच्यावर तारीख घालायला सांगितली. पट्टी फाटली तर भेग जिवंत, न फाटली तर म्हातारी होऊन बसलेली. हे मी नागपूरला येऊन एका इंजिनिअर मित्राला सांगितले, तर तो म्हणाला, आम्हीही हेच करतो, फक्त पट्टी काचेची लावतो आणि पैसे घेतो.

शेवटी ते माजघरात आले. घरभर फिरून त्यांचे डोळे कोठीच्या पायांवर थांबले.

"इथं दगड का लावले जी, मास्तर?"

आणि मी, पंधरा वर्षे दक्षिण अमेरिकेखाली निजलेला मी, झटकन बोलून गेलो, "उंदरांसाठी."

"हो का," म्हातारा म्हणाला आणि पुढे गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मंडईतली दंडार हे एक कारण होते, पण तेवढेच नव्हे. दहाच्या सुमारास मी नागपूरला एका स्नेह्यांना फोन लावला. ते कायदा शिकवतात. म्हटले, सहज विचारतो. ते म्हणाले, सहज कोणी रात्री दहाला विचारीत नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. इंग्रजी न्यायाचे जुने तत्त्व असे, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. पण आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम तेवढ्यावर थांबत नाही. मिळकतीतला मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि त्याने नेहमीची काळजी घेऊनही तो त्याला सापडण्यासारखा नाही, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही नुसती चूक नव्हे, कायदा त्याला कपट म्हणतो. (गंमत म्हणजे घेणाऱ्यावरही असेच एक बंधन आहे. विकणाऱ्याच्या हक्काबद्दल किंमत वाढविणारी एखादी गोष्ट त्याला ठाऊक असेल आणि विकणाऱ्याला नसेल, तर त्यानेही ती सांगायची.)

"पण फ्लॅटचे काय हो?" मी विषय बदलायला विचारले. ते म्हणाले, नव्या इमारतीत ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, असे २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. पण एका घरमालकाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला ते लागू नाही. तिथे शेवटी पंचावन्न कलम आणि आपले तोंड. अमेरिकेत घर तपासून देणे हा स्वतंत्र धंदाच आहे, १९७६ साली त्या लोकांची देशव्यापी संघटनाही निघाली. स्कॉटलंडात तर २००८ सालापासून बहुतेक घरांच्या बाबतीत विकणाऱ्यानेच आधी तपासणी करवून तिचा अहवाल गिऱ्हाइकापुढे ठेवायचा असतो. "आणि आपल्याकडे?" मी म्हणालो. "आपल्याकडे," ते म्हणाले, "कॅलेंडर."

फोन ठेवला. नेहमीची काळजी घेऊनही! त्या म्हाताऱ्याने नेहमीच्या दसपट काळजी घेतली होती. दिवाळीत तो झिरा कोणाच्या बापाला दिसला नसता. त्याने नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी उंदीर सोडले होते. दादा म्हणाले होते, विचारले तर सांग. म्हणजे मी दादांच्या तराजूतही खोटा ठरलो होतो.

सकाळी ती मंडळी ज्या नातेवाइकांकडे उतरली होती तिथे मी गेलो. म्हटले, "मिस्त्री, ते दगड उंदरांसाठी नाहीत." आणि सगळे सांगितले.

कोणी काही बोलले नाही. मुलगा खाली पाहू लागला. मग त्याच्या आईने विचारले, "किती दिवस राहाते जी पाणी?"

"पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत."

मिस्त्री उठले, त्यांनी धोतर झटकले. "मग आता काही बोलणं नाही जी. भाद्रपदात येतो."

दादांनी तीन महिने माझ्याशी अबोला धरला. वहिनींनी निरोप पाठविला, "भाऊजींना म्हणावे, पुस्तके वाचावीत, घरे विकू नयेत." मधल्या काळात दुसरे गिऱ्हाईक आले नाही. मार्चात आणखी एक तुळई गेली. दादांनी मुलीच्या फीसाठी कर्ज काढले, त्याचे व्याज किती हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही.

भाद्रपदात ते तिघे खरोखरच आले. मीही रजा टाकून गेलो. दोन रात्री आम्ही चौघे त्या माजघरात निजलो. बाहेर झड लागलेली, कवेलूंवरून पाणी धो धो वाहतेय, आणि ईशान्येचा कोपरा ठणठणीत कोरडा! तिसऱ्या सकाळी मिस्त्री माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "मास्तर, घर विकायचं नाही का जी तुम्हाला?"

खोटे बोललो तेव्हा त्यांनी 'हो का' म्हटले होते, आणि खरे बोललो तर हा संशय! मला हसावे की रडावे कळेना. माझी अवस्था पाहून त्यांनाच दया आली असावी. ते छत्री घेऊन मागचा चढ चढून तलावावर गेले. अर्ध्या तासाने चिखलाने भरून परत आले. "तलाव अर्धा हाये. सलंग फुटली." सलंग म्हणजे तलावाचा सांडवा. वरचा तलाव पूर्ण भरला की पाळीखालच्या मुरुमातून पाणी वाट काढते, आणि उतारावरचे पहिले खोलगट घर आमचे. तलाव भरला नाही तर पाहुणा येणार कुठून? चाळीस वर्षे आम्ही त्या कोपऱ्याला हळदकुंकू वाहिले, पण चढ चढून वर पाहायचे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते.

तरी खात्रीसाठी त्यांनी सब्बल घेऊन कोपऱ्यात हातभर खड्डा खणला. थोड्या वेळाने त्याच्या तळाशी ओंजळभर पाणी जमले. मुलाच्या आईने ते हाताने चाखून पाहिले. "गोड हाये," ती म्हणाली.

उपायही मिस्त्रींनीच सांगितला. सांदवाडीच्या वरच्या अंगाला, घर आणि चढ यांच्या मधोमध, कमरभर खोल चर खणायचा, त्यात खाली मोठे दगड, वर गोटे, त्यावर वाळू भरायची, आणि त्याचे तोंड नाल्याकडे काढायचे. पाणी घरात शिरण्याआधीच त्याला वाट द्यायची. खर्च त्यांनी बोटांवर मोजला, चाळीस हजार. तुळया आणि वाळवीचे वेगळे. एवढे किमतीतून कमी करावे, असे ते म्हणाले. मी हो म्हटले. चराचे चाळीस हजार माझ्या वाट्यातून गेले. दादांच्या वाट्याला हात लावायचा धीर मला झाला नसता. दक्षिणेच्या भिंतीवरची कागदाची पट्टी मात्र शाबूत होती, तारखेसकट.

खरेदीखत दसऱ्यानंतर तिरोड्याला झाले. दादा आले होते, माझ्याशी मोजके बोलले. मुलाने हट्ट धरला की झिऱ्याची गोष्ट कागदात लिहायची. पुढे मुलाबाळांना माहीत असावी म्हणून. दस्त लिहिणारे गृहस्थ जुने जाणते. त्यांनी चतुःसीमा लिहिल्या, जिना नाही, विहीर नाही, दोन आंब्याची झाडे, सगळे लिहिले, आणि झिऱ्याशी येऊन लेखणी थांबविली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी आम्हां दोघांकडे पाहिले.

"हे पाणी," ते म्हणाले, "दोषांत लिहू की हक्कांत?"

मी दादांकडे पाहिले. दादांनी खिडकीबाहेर पाहिले. मुलाची आई कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "हक्कांत लिहा जी," ती म्हणाली. "अन् ते दगड कोठीखालीच राहू द्या म्हणावं."